सागाची वाढ मोजताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्याकडे (जि. यवतमाळ) २ एकरांत २ × २ मीटरवर सागाची जडी (रोपाच्या मूळ-खोडाचे तुकडे) लावून दोन पावसाळे झाले. सुमारे २,००० झाडे आहेत. वाढ कधी आणि कशी मोजावी? सगळीच झाडे मोजायची का?

उत्तर: सगळी नकोत. १०० झाडे नीट मोजा, पण दरवर्षी तीच मोजा. ५ ओळी आणि प्रत्येकीत ५ झाडे, असे २५ झाडांचे चार चौकोन धरा. बांधालगतच्या दोन ओळी सोडून द्या. तिथल्या झाडांना ऊन आणि जागा जास्त मिळते, त्यामुळे ती इतरांपेक्षा जाड होतात. चौकोनांची जागा शेतात उभे राहून ठरवू नका, कारण नजर चांगल्या झाडांकडेच वळते. घरी कागदावर ओळींना क्रमांक द्या आणि चिठ्ठ्या काढा. अर्धे शेत मुरमाड आणि अर्धे खोल काळ्या मातीचे असेल, तर दोन्हीकडे दोन-दोन चौकोन ठेवा.

मोजणी फेब्रुवारी-मार्चमध्ये करा आणि पुढे तोच महिना पाळा. तेव्हा वाढ थंडावलेली असते, पानेही बरीच गळलेली असतात. उंचीच्या मोजणीत फसगत होते ती पानांमुळेच. सागाचे कोवळे पान हातभर लांब असते, आणि माणूस शेंड्याऐवजी उभ्या पानाच्या टोकापर्यंत काठी नेतो. अर्धा मीटर उंची अशी फुकट वाढते! खुणा केलेली काठी खोडाला लावा, मदतनिसाला झाडाच्या उंचीइतके दूर उभे करा आणि शेंड्याच्या कोंबापर्यंतच वाचा.

लहान झाडाचा बुंधा जमिनीपासून १० सेंमीवर कॅलिपरने (जाडी मोजायच्या चिमट्याने) मोजा. एकमेकांना काटकोनात दोन मापे घ्या आणि सरासरी लिहा. खुरपणीत माती चढते, पावसात वाहून जाते. म्हणून पहिल्याच वर्षी त्या उंचीवर ऑइलपेंटचा पट्टा ओढा. पुढे माप पट्ट्यावरच घ्यायचे, मातीपासून पुन्हा मोजायचे नाही.

झाडे पुरेशी उंच झाली की १.३७ मीटरवर, म्हणजे छातीइतक्या उंचीवर, घेर मोजायला लागा. उतारावर ही उंची वरच्या बाजूने धरा. त्या एका वर्षी बुंधा आणि घेर दोन्ही नोंदवा, नाहीतर जुन्या आकड्यांचा नव्यांशी सांधा जुळणार नाही. शिवणकामाची टेप ताणते, ती नको; फायबरची किंवा पोलादी घ्या. घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो: १८.८ सेंमी घेर म्हणजे ६ सेंमी व्यास. घेरात १ सेंमीची चूक म्हणजे व्यासात ०.३२ सेंमी. ४ सेंमीच्या खोडात ही ८ टक्के होते, एका वर्षाच्या वाढीचा मोठा भाग त्यातच बुडतो. खुणेवर गाठ आली तर तिच्या वर आणि खाली सारख्या अंतरावर मोजून सरासरी काढा. खिळा मात्र ठोकू नका, लाकूड खराब होते.

प्रश्न: सरासरी घेर वाढला, पण झाडे तशीच दिसतात. असे का?

उत्तर: मेलेली झाडे तपासा. समजा २५ झाडांचा सरासरी घेर १२ सेंमी होता. त्यातली ८ सेंमीची पाच मेली, तर उरलेल्या २० झाडांची सरासरी १३ सेंमी येते, आणि एकही झाड वाढलेले नसते. म्हणून दोन्ही वर्षी जिवंत असलेल्या झाडांचीच तुलना करा. मेलेल्यांचा रकाना वेगळा ठेवा. जगण्याचे प्रमाणही तेवढेच महत्त्वाचे आहे.

शेरा लिहायलाही जागा ठेवा: शेंडा मोडला, दोन फुटवे आले (सरळ आणि जोमदार तेवढा एक ठेवा), पावसाळ्यात अळीने पाने खाल्ली. पाने खाल्ली गेली की त्या वर्षी घेर कमी भरतो, आणि नोंद नसली तर दोष खतावर जातो. एकाच चौकोनात उंची आणि घेर दोन्ही अडले असतील, तर तिथे मातीची खोली आणि साचणारे पाणी बघा. पाणी तुंबलेले सागाला सोसत नाही. उंची वाढते पण घेर जागच्या जागी, आणि फांद्या एकमेकींत शिरल्या आहेत, असे दिसले तर दाटी झाली आहे. तिथे खत टाकून उपयोग नाही, विरळणीच हवी, म्हणजे मधली काही झाडे काढायला हवीत.