मुंबई की मिरज? आधी रात्री दोनचा वॉर्ड बघून ये

प्रश्न: मावशी, मी साताऱ्याची, वय 26. नीट-पीजीच्या (एमबीबीएसनंतरच्या प्रवेशपरीक्षेच्या) रँकवर जनरल मेडिसिन मिळेलसं दिसतंय. मुंबईच्या सरकारी कॉलेजात काठावर, मिरजेत बहुधा नक्की. बाबा म्हणतात, पाटीवर मुंबईचं नाव हवं. पण माझी मैत्रीण मुंबईतली सीट दोन महिन्यांत सोडून घरी आली, तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. मी भित्री आहे का?

उत्तर: भित्री कसली! ज्यांना काहीच भीती वाटत नाही, अशा डॉक्टरांची मला जास्त धास्ती वाटते.

बाबांची पाटी आधी निकालात काढू. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये एमडी कुठून केलं, हे मला एकाच पेशंटने विचारलं. त्याच्या मुलीला ॲडमिशन घ्यायची होती. पुढे डीएम, म्हणजे एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी, करायचं मनात असेल तर मात्र मुंबईचं वजन वेगळं: हृदयरोग, मूत्रपिंडाचे विभाग एकाच आवारात, आणि पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस-डेंग्यूने वॉर्ड जमिनीपर्यंत भरलेला. मिरजेत सर्पदंश, कीटकनाशक प्यायलेले, सीमेपलीकडून कर्नाटकातून आलेले पेशंट. मेडिसिन दोन्हीकडे शिकशील.

खरी गोम पुढे आहे. पसंतीच्या यादीत तू कॉलेज भरतेस, पण तीन वर्षं काढायची असतात युनिटमध्ये, म्हणजे विभागातल्या एका छोट्या टीममध्ये. निवासी डॉक्टरांसाठी केंद्राचे 1992 चे निर्देश आहेत: सर्वसाधारणपणे आठवड्याला 48 तास, सलग 12 तासांपेक्षा जास्त नाही. कुठल्याही जेआर-वनला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला, वाचून दाखव, दमलेला असला तरी हसेल. तेव्हा काम प्रचंड असणार, हे धरूनच चाल.

पण कष्ट वेगळे आणि अपमान वेगळा. माझ्या रजिस्ट्रारने, म्हणजे वरच्या निवासी डॉक्टरने, एकदा अख्ख्या राउंडसमोर केसपेपर माझ्या तोंडावर फेकले. मी कित्येक वर्षं समजत होते की तो मला घडवत होता. छे! तो दोन रात्री झोपला नव्हता, आणि त्याच्या खाली मी एकटीच होते.

म्हणून मैत्रिणीला फोन कर आणि एवढंच विचार: सीट कामामुळे सोडलीस की माणसांमुळे? सल्ला देऊ नकोस, ऐक. तिचं मन फारच खचलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दे. मोफत आहे, रात्रीही लागतो.

मग दोन्ही ठिकाणी इमर्जन्सीच्या रात्री स्वतः जा. विभागप्रमुखांना नको, थर्ड इयरच्या मुलांनाही नको, त्यांना आपलं पहिलं वर्ष आता गोड वाटायला लागलेलं असतं. जेआर-वनना गाठ. युनिटमध्ये तुम्ही किती जण? रक्ताचे नमुने लॅबपर्यंत कोण नेतं? लंबर पंक्चर (पाठीच्या कण्यातून पाणी काढणं) तुम्हाला करू देतात की तुम्ही नुसत्या डिस्चार्ज समऱ्या लिहिता? आजारी पडलात तर ड्युटी कोण घेतं? गेल्या दोन बॅचमधून किती जण सीट सोडून गेले? शेवटच्या प्रश्नावर कुणी इकडेतिकडे बघायला लागलं, तर तेच उत्तर समज.

कोणत्या फेरीपर्यंत सीट दंडाशिवाय सोडता येते आणि सरकारी सेवेचा बॉण्ड किती, हे राज्याचे प्रवेश बघणाऱ्या सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाच. सीनियरच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नकोस.

आणि जाताना दहा-बारा वडापाव बांधून ने. त्या वेळी कँटीन बहुधा बंद असतं, आणि पोटात घास गेला की पोरं मोकळेपणी बोलतात.