'तो मला मारायला आला' म्हणजे नक्की काय करायला?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. निफाड तालुक्यात मळ्यात राहता, दीड महिन्यापूर्वी शेजारच्या वस्तीवर रात्री चोर शिरले, म्हणून बंदुकीचा परवाना काढायचं मनात आहे. मेहुणे म्हणाले, "माणूस मारायचाय का तुम्हाला?" तुम्ही म्हणालात, "स्वसंरक्षण हा माझा मूलभूत हक्क आहे." त्यावरून भर पंगतीत बोलाचाली झाली. बरोबर कोण, असं विचारलंय.

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयात मी तीस वर्षं फौजदारी खटले चालवले, बहुतेक आरोपीच्या बाजूने. बंदूक घ्या की नको घ्या, यात मी पडत नाही. पण तुम्ही दोघांनी जे शब्द वापरलेत त्यांच्याबद्दल बोलायलाच हवं.

आधी 'मारणे'. आपण डास मारतो, शिट्टी मारतो, मास्तर छडी मारायचे, आणि माणूसही मारतोच. चापटीपासून जीव घेण्यापर्यंत सगळ्याला एकच क्रियापद. फिर्याद द्यायला गेलेला माणूस म्हणतो, "तो मला मारायला आला." कागदावर उतरताना त्याचं 'जीवे ठार मारण्याच्या उद्देशाने अंगावर धावून आला' होतं. सही करणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. कायदा मात्र नेमक्या या फटीत उभा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काची आहेत, जुन्या दंड संहितेतली ९६ ते १०६. त्यातलं ३८ वं कलम समोरच्याचा जीव जाईपर्यंतची मुभा देतं ते मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, अशा मोजक्याच प्रसंगी. नुसत्या शिवीगाळ-दमदाटीला ती मुभा नाही.

माझ्याच हातची एक चूक सांगतो. (बघा, मीही लगेच 'हातची' म्हणालो.) एका शेतकऱ्याच्या कांद्याच्या चाळीत चोर शिरला. यांनी दांडक्याने त्याचं डोकं फोडलं. चोर वाचला, पण दुखापत जबर होती. अशील मला म्हणाला, "साहेब, तो मला मारायला आला, झटापटीत दांडकं लागलं." मी तेच जरा इस्त्री करून आरोपीच्या जबाबात मांडलं. डॉक्टरांच्या साक्षीत जखम डोक्याच्या मागच्या बाजूला निघाली. पंचनाम्यात रक्त चाळीपासून लांब, बांधावर. झटापट तिथेच संपली आणि आमची पतही. शिक्षा झाल्यावर तो रडत म्हणाला, "गोणी घेऊन पळत होता हो, हाका मारल्या, थांबेना, म्हणून मी घातलं दांडकं." आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. चोर माल घेऊन निसटेपर्यंत मालमत्तेच्या बचावाचा हक्क चालू असतो, आणि साध्या चोरीतही जीव न घेता, गरजेपुरती इजा करता येते. म्हणजे खऱ्या वाक्यावर मला कोर्टात उभं राहता आलं असतं. डोक्यात घालायची गरज होती का, यावर कदाचित हरलोही असतो, पण तो वाद तरी खरा असता. खोदून विचारायचं काम माझं होतं. मी विचारलं नाही.

तेव्हापासून मी क्रियापदाचा कर्ता शोधतो. 'गोळी सुटली', 'वार लागला', 'माझ्या हातून झालं'. मराठीत माणूस वाक्यातून फार सहज निसटतो. 'गोळी झाडली' म्हटलं की लगेच विचारावं लागतं, कोणी?

हे शब्दांचं प्रकरण आपल्या गावाला नवं नाही. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. सरकारच्या लेखी तो खून. आपण वध म्हणतो, आणि गोल्फ क्लबच्या मैदानाला हुतात्म्याचं नाव आहे. तिथे स्वसंरक्षणाचा प्रश्न नव्हता. वध म्हणणारे का म्हणतात ते उघड सांगतात, आणि मीही वधच म्हणतो. पण तो शब्द उच्चारला की निकाल देऊन झालेला असतो, हे मला माहीत असतं. वादात दोघांपैकी एकालाच ते माहीत असलं की लबाडी सुरू होते.

आता तुमचं वाक्य. बचावाचा हक्क कायद्यात आहे, खरं. बंदुकीला मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो, आणि तो नाकारलाही जातो. घटनेच्या मूलभूत हक्कांत शस्त्राचा उल्लेख येतो तो १९ व्या अनुच्छेदात, शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याच्या संदर्भात. व्हॉट्सअॅपवर फिरणारा शस्त्र बाळगण्याचा हक्क अमेरिकेचा, १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा. निफाडात तो चालत नाही.

शिवाय तुम्ही 'दरोडा' लिहिलंय आणि दोन ओळींनंतर 'तिघं होते'. दरोड्याला पाच लागतात. फुगवायची गरजही नव्हती. सूर्यास्तानंतरची घरफोडी ४१ व्या कलमात नावानिशी आहे, तिथे कायदा बराच उदार आहे. त्यालाही ३७ व्या कलमाची वेसण आहेच: गरजेपेक्षा जास्त इजा नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. बिबट्याचं कारण तुम्ही मध्येच घुसवलंत, ते काढा. भीती चोराची असेल तर चोराची लिहा.

मेहुण्यांचंही चुकतंच. 'माणूस मारायचाय का' हा प्रश्नच नाही, आरोप आहे. २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की हल्ला होत असताना माणसाने तोलूनमापून बचाव करावा ही अपेक्षा अवास्तव आहे; फक्त हा हक्क बचावाचा, बदल्याचा नाही. त्यांना विचारा, बायकापोरं आत आहेत, दार फुटतंय, ११२ ला फोन लावलाय, गाडी मळ्यापर्यंत यायची आहे. तेवढा वेळ 'मी काय करीन' ते सांगा. 'पोलीस बघतील' हे उत्तर धरायचं नाही. कर्ता 'मी' हवा.

आणि तुम्ही. 'जवळ असलेली बरी', 'नुसती दाखवायला' हे अर्ज लिहिण्याआधी खोडा. त्याऐवजी "वेळ आली तर मी माणसावर गोळी झाडीन" हे वाक्य घरात, वहिनींसमोर, मोठ्याने म्हणून बघा. जीभ अडखळली तर मजबूत दार, दिवे आणि दोन कुत्री यांचा हिशोब आधी करा. नाही अडखळली तर अर्ज करा. मळा ग्रामीण हद्दीत आहे, तेव्हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, पोलीस आयुक्तांकडे नव्हे. चौकशीला पोलीस घरी येतील तेव्हा मेहुण्यांना हजर ठेवा. त्यांच्यासमोर तुम्ही काही फुगवणार नाही.