धडधाकट तर दिसतोस, मग या डब्यात कसा?

लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्याविषयी मागच्या खेपेला या सदरात मी थोडंसं लिहिलं होतं. आत बसलेल्याचं अपंगत्व बाहेरून दिसलंच पाहिजे असं नाही, एवढाच त्याचा मुद्दा होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांनी आभार मानले, निम्म्यांनी खडसावलं. खडसावणाऱ्यांत कुबड्या घेऊन रोज प्रवास करणारेही आहेत, त्यामुळे त्यांचं म्हणणं बाजूला सारून चालणार नाही. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. अपंगत्वासह रोजचं जगणं कसं पेलायचं, हे पेशंटबरोबर बसून ठरवण्यात बावीस वर्षं गेली. त्या अनुभवाच्या बळावर ही उत्तरं देते आहे.

ताई, मी चोवीस वर्षांचा आहे. मला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार आहे. सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, यूडीआयडी कार्डही आहे. कल्याणहून दादरला जाताना अपंगांच्या डब्यात बसलो की रोज कोणीतरी उठवतं. कार्ड दाखवलं तर परवा एक काका म्हणाले, "असली कार्डं पैसे टाकले की मिळतात." आता मी जनरल डब्यातच चढतो. मी चुकतोय का?

हो, जनरल डब्यात चढतोस ते चुकतंय. सकाळच्या कल्याण फास्टमध्ये दारातून आत ढकललं जाताना गुडघा दांड्यावर आपटला, तर बाकीच्यांना फार तर निळा डाग पडेल. तुझ्या सांध्यात आतल्या आत रक्त साचत राहतं. बाहेर सूज दिसायच्या आधी आत ठणका सुरू होतो आणि रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरचं इंजेक्शन मिळेपर्यंत रक्त थांबत नाही. एकाच सांध्यात असं पुन्हा पुन्हा झालं की कूर्चा झिजते. तिशी-पस्तिशीत गुडघा आखडून बसलेले हिमोफिलियाचे पेशंट मी पाहिलेत. त्या काकांना तुझं अपंगत्व दिसावं म्हणून तो दिवस यायची वाट पाहायची का?

१९९५च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते आणि हिमोफिलिया त्यांत नव्हता. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एप्रिल २०१७मध्ये लागू झाला आणि प्रकार एकवीस झाले. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, ऑटिझम हे सगळे आता यादीत आहेत. यांतले कितीतरी आजार समोरच्या बाकावर बसून ओळखताच येत नाहीत. कायदा बदलला, पण डब्यातली नजर अजून कुबडी, पायाला आधार देणारा कॅलिपर आणि पांढरी काठी एवढंच शोधते.

आता उद्या काय करायचं ते सांगते. कार्ड तपासायचा अधिकार टीसीला आणि रेल्वे सुरक्षा दलाला, म्हणजे आरपीएफला आहे. त्यांनी मागितलं की लगेच दाखव. सहप्रवाशाला ते दाखवायला तू बांधील नाहीस. वाद टळत असेल तर एकदा दाखव आणि थांब. आजार समजावत बसू नकोस, जुने रिपोर्ट काढू नकोस, पँट वर करून गुडघा तर मुळीच दाखवू नकोस. "माझ्याकडे कार्ड आहे, शंका असेल तर टीसीला बोलवा," हे वाक्य आवाज न चढवता म्हण. चारचौघांत कोणी मुद्दाम अपमान केला किंवा धमकावलं, तर या कायद्याचं कलम ९२ आहे. त्यात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. ते उठल्यासुटल्या वापरायचं नसतं, पण आपल्या पाठीशी आहे हे माहीत असलं की आवाज कापत नाही.

मला लहानपणी पोलिओ झाला. कॅलिपर लावून रोज अंबरनाथहून सीएसएमटीला जाते. आमच्या डब्यात अर्धेअधिक धट्टेकट्टे लोक असतात. तुमचा मागचा लेख वाचून संताप आला. आम्ही कोणाला काही विचारायचंच नाही का?

तुमचा संताप रास्त आहे. घुसखोरी होते, रोज होते आणि ती करणाऱ्यांना कसलाही छुपा आजार नसतो. जनरलला लटकण्यापेक्षा हा डबा बरा, एवढंच त्यांचं कारण असतं. कोणी गणवेशाच्या जोरावर चढतं, कोणी "पुढच्याच स्टेशनला उतरायचंय" म्हणून. फलाटावर बीपर वाजतो तिथे, अंध प्रवाशाला डबा सापडावा म्हणून ज्या जागी तो बसवलाय त्याच जागी, ही मंडळी आधीच दार अडवून उभी असतात. याला मी चोरी म्हणते.

तरीही "तुला काय झालंय?" हा प्रश्न विचारू नका, असंच मी म्हणेन. त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका पेशंटला घेऊन मी या डब्यातून चालले होते. माझ्या पेशंटला बसायला जागा नव्हती आणि खिडकीपाशी एक विशीतला मुलगा डोळे मिटून बसला होता. मी त्याला हलवलं आणि चांगलंच सुनावलं. तो एक शब्द न बोलता उठला आणि दाराशी दांडा धरून उभा राहिला. परळला उतरताना त्याच्या पिशवीतून एक्स-रेचं मोठं पाकीट आणि हॉस्पिटलची फाइल वर आलेली दिसली. परळला टाटा हॉस्पिटलसाठी कर्करोगाचे किती पेशंट उतरतात, हे मला त्या दिवशीही माहीत होतं. कोण कसं बसतं, कसं उठतं, कुठे भार टाकतं हे पाहणं हेच माझं शिक्षण. तरी मी चुकले, आणि त्याला हाक मारायचं धाडसही झालं नाही. तो कशासाठी परळला जात होता हे मला आजही ठाऊक नाही. त्या डब्यात तोही माझ्या पेशंटइतकाच हक्काने बसलेला असू शकतो, हे मात्र मी तेव्हा मनातही आणलं नव्हतं.

म्हणून जागा मागा, कारण मागू नका. एका माणसाकडे बोट दाखवण्याऐवजी सगळ्या बाकाला उद्देशून "मला उभं राहता येत नाही, कोणी जागा देईल का?" असं म्हणा. ज्याला उठता येतं तो बहुधा उठतो, आणि ज्याला येत नाही त्याला आपली केस मांडावी लागत नाही.

घुसखोरांचं काय, तर तिथे भांडण आरपीएफशी करायचं. रेल्वे कायद्याच्या कलम १५५नुसार अशा प्रवाशाला डब्यातून उतरवता येतं आणि ५०० रुपयांपर्यंत दंड होतो. ही रक्कम मला फारच कमी वाटते. मुंबईत ५०० रुपयांना कोण घाबरतं? पण एकाच गाडीत आठवडाभर रोज तपासणी झाली तर माणसं डबा सोडतात. त्यासाठी रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनवर किंवा रेलमदद ॲपवर तक्रार करताना गाडीची वेळ, फास्ट की स्लो, कोणत्या स्टेशनला गर्दी शिरते आणि डब्याचा नंबर, हे सगळं लिहा. नुसतं "अपंगांच्या डब्यात गर्दी असते" असं लिहिलं तर उत्तरही तसंच मोघम येतं. तुमच्या गाडीला रोज येणाऱ्या आठ-दहा जणांनी त्याच गाडीबद्दल वेगवेगळ्या तक्रारी केल्या, तर आणखी बरं.

मला तिसरा महिना आहे. पोट दिसत नाही. या डब्यात चढले तर चालेल का?

चालेल. गरोदर स्त्रिया आणि कर्करोगाचे रुग्ण यांना या डब्यात मुभा आहे. पहिल्या तिमाहीत मळमळ, चक्कर, गळून जाणं सगळ्यात जास्त असतं आणि नेमकं तेव्हाच बाहेरून काही दिसत नाही. सरकारी दवाखान्यातून मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड किंवा डॉक्टरांची चिठ्ठी पर्समध्ये असू द्या. घरात अजून कोणाला सांगितलं नसेल, तर डब्यातल्या बायकांनाही सांगायची गरज नाही.

मी ठाण्यातल्या एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे. लिफ्टजवळ दिव्यांगांसाठी राखीव पार्किंग आहे. एका सभासद बाईंनी मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचं सांगून ते मागितलं आणि कार्डही दिलं. पण गणपतीच्या मिरवणुकीत त्या नाचल्या, त्याचा व्हिडिओ ग्रुपवर फिरतोय. कमिटी म्हणते, वैद्यकीय फाइल मागवा. काय करावं?

सर्वांत आधी तो व्हिडिओ ग्रुपवरून काढायला लावा. सेक्रेटरी म्हणून ते तुमचं काम आहे.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या आवरणावर हल्ला करते. मेंदूकडून पायाकडे निघालेला निरोप कधी पोचतो, कधी अडखळतो. आजार उचल खातो आणि ओसरतो, म्हणून या महिन्यात चालणारी बाई पुढच्या महिन्यात काठी घेऊन दिसू शकते. त्यात उष्णता बाधते. एप्रिलमधल्या दुपारी भाजीची पिशवी घेऊन गेटपासून लिफ्टपर्यंत येणं म्हणजे तिच्यासाठी डोंगर. थकवाही आपला नेहमीचा नव्हे. झोप काढली तरी तो जात नाही. माझ्या पेशंट दिवसाची शक्ती पैशासारखी मोजून खर्च करतात. अंघोळ केली तर स्वयंपाक नाही, बाहेर गेलं तर दुसऱ्या दिवशी अंथरूण. गणपतीसमोर पाच मिनिटं नाचायला तुमच्या सभासदाने काय काय वाचवून ठेवलं असेल आणि पुढचे दोन दिवस कसे काढले असतील, हे व्हिडिओत येत नाही. आणि नाचलीच तर काय झालं? आजारी माणसाने उत्सवाच्या दिवशीही आजारीच दिसावं, अशी अट कोणी घातली?

फाइल मागवू नका. यूडीआयडी कार्डावर अपंगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी छापलेली असते, तीही वैद्यकीय तपासणीनंतर. कमिटीतल्या इंजिनिअर आणि सीएने एमआरआय पाहून त्यात काय भर पडणार? सर्वसाधारण सभेत तिच्या आजारावर चर्चा होऊ देऊ नका. कार्ड पाहिलं, एवढी एका ओळीची नोंद पुरे.

तुमच्या पत्रात शेवटी एक वाक्य होतं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. त्या जागेवर "दोनच मिनिटं" म्हणून पाहुण्यांच्या गाड्या उभ्या असतात आणि कमिटी गप्प बसते. खरा गैरवापर हा आहे. राखीव जागा रुंद ठेवतात, सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार ३.६ मीटर, ती उगाच नाही. दार पूर्ण उघडून व्हीलचेअर शेजारी लावता आली पाहिजे. एवढी ऐसपैस जागा दिसली की मोठ्या गाडीवाल्यांना मोह होतो. तिथे साखळी लावा, किल्ली बाईंकडे आणि वॉचमनकडे द्या.

आम्ही इंग्लंडमध्ये असतो. सासूबाईंना ब्लू बॅज, म्हणजे तिथला दिव्यांगांचा पार्किंग परवाना, मिळालाय. दीर तो लावून एकटाच बाजारात जातो. म्हणतो, "आईसाठीच तर सामान आणतो." हे बरोबर आहे का?

नाही. बॅज माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. सासूबाई गाडीत असतील, किंवा त्यांना सोडायला-आणायला गाडी थांबवली असेल, तरच तो काचेत लावायचा. त्यांना गाडीत बसवून ठेवून बाकीच्यांनी खरेदी उरकणंही नियमात बसत नाही. पकडलं गेल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होतो आणि कौन्सिल बॅज काढून घेऊ शकतं. मग अडकून पडणार त्या.

दिरांना आणखी एक सांगा. ३० ऑगस्ट २०१९पासून इंग्लंडमध्ये ब्लू बॅजच्या निकषांत न दिसणारी अपंगत्वंही स्पष्टपणे आली. ऑटिझम असलेलं मूल गाड्यांच्या वर्दळीत बिथरतं, एखाद्याला स्मृतिभ्रंशामुळे गाडीपासून दुकानापर्यंतची वाटही उमगत नाही. अशा कुटुंबांना गाडीतून उतरल्या उतरल्या लोकांच्या नजरा झेलाव्या लागतात. धडधाकट माणूस बॅज लावून टुणकन उडी मारून उतरताना लोक एकदा पाहतात, आणि पुढे त्या मुलाच्या आईकडेही तसंच बघतात.

माझ्या चुलतभावाने पैसे देऊन ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलंय. घरात सगळ्यांना माहीत आहे. नोकरीसाठी अर्ज करणार आहे.

अर्ज जायच्या आत त्याच्याशी बोला. दिव्यांगांसाठीचा लाभ लबाडीने घेणं किंवा घ्यायचा प्रयत्न करणं हा दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९१चा गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरकारी नोकरीत दिव्यांगांना चार टक्के जागा असतात, आणि त्यांतलीच एक तो उचलणार आहे. ऐकलं नाही तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी तक्रार करता येते. घरचा माणूस म्हणून हे जड जाईल, मला कळतं. पण कल्याणच्या त्या मुलाला "पैसे टाकले की मिळतात" हे ऐकावं लागतं ते अशाच प्रमाणपत्रांमुळे.

मला ऐकू येत नाही. पण मी उभा राहू शकतो. मी बसलेला असताना कुबडीवाले कोणी आले तर उठावं का? हक्क तर माझाही आहे.

हक्क तुझा आहेच आणि तुला उठ म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. तरी पाय चांगले असतील तर तू उठावंस असं मला वाटतं. हलत्या गाडीत एका हाताने कुबडी आणि दुसऱ्याने दांडा धरणं फार अवघड असतं. फक्त उठण्याआधी त्यांच्याकडे पाहून हाताने खूण कर, आणि ते टेकेपर्यंत सीटवर हात ठेवून उभा राहा. नाहीतर मधलाच कोणीतरी पटकन बसेल.