पहिली जमीन घेण्याआधी सातबारा वाचायला शिका
गुंतवणूक म्हणून पहिल्यांदाच जमीन घेऊ पाहत असाल, तर दर विचारण्याआधी सातबारा वाचायला शिका, असे मी आग्रहाने सांगेन. महाराष्ट्रात 1948 च्या कूळकायद्यातील कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला सर्वसाधारणपणे परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि ही गोष्ट एजंट क्वचितच आपणहून सांगतात. उताऱ्यावर भोगवटादार (जमीनधारक) वर्ग 1 आहे की 2, हे पाहावे. वर्ग 2 च्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात. त्यानंतर ‘इतर हक्क’ हा रकाना सावकाश वाचा, कारण बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा (जमिनीवरचे कर्ज), कुळाचे नाव, बहिणींचे वारसहक्क बहुधा तिथेच सापडतात, आणि तिथल्या प्रत्येक फेरफार क्रमांकाची (हक्कातील बदलाच्या नोंदीचा क्रमांक) मूळ नोंद काढून वाचल्याशिवाय इसाराची रक्कम देऊ नये. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. म्हणून मागील 30 वर्षांचा शोध अहवाल (जमिनीचे जुने व्यवहार व बोजे तपासून दिलेला अहवाल) स्वतः नेमलेल्या वकिलाकडूनच घ्यावा, विकणाऱ्याने पुढे केलेल्या अहवालावर विसंबू नये. सदनिका घ्यायची असल्यास प्रकल्पाची महारेरा (राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) नोंदणी तपासा. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला स्वीकारता येत नाही.