दोनदाच जेवतो, मधे दिवसभर बिनसाखरेचं लिंबूपाणी पितो. आता दात आंबतात, हिरड्यांतून रक्त येतं. डाएट सोडू का?

डाएट सोडू नका, दिवसभर घोट-घोट लिंबूपाणी पिणं सोडा. दात बहुधा त्यानेच आंबतायत. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 2 ते 3 असतो आणि तोंडातला पीएच 5.5च्या आसपास उतरला की दातावरचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, विरघळू लागतं. लाळ ते सावरून घेते, पण दर थोड्या वेळाने नवा घोट गेला तर तिला उसंतच मिळत नाही. साखर नाही म्हणून आम्ल काही कमी होत नाही. खरं तर दोनदाच खाणं दातांच्या पथ्यावर पडतं.

- लिंबू हवंच तर जेवणासोबत पिळा. मधल्या वेळी साधं पाणी.
- आंबट पोटात गेल्यावर लगेच ब्रश नको, मऊ पडलेला थर घासला जातो. चूळ भरा, अर्धा-पाऊण तास थांबा.
- ब्रश मऊ, पेस्ट फ्लोराइडची. रात्री थुंकून टाका, वर खळखळून चूळ भरू नका. मिशरी, कोळशाची पूड वगैरे नकोच.

हिरड्यांतलं रक्त बहुतेकदा दातांच्या मुळाशी साचलेल्या कीटणामुळे येतं, क जीवनसत्त्वाच्या कमतरतेने क्वचित. त्यासाठी क जीवनसत्त्वाच्या आंबट गोळ्या चघळत बसाल तर दातांवर आणखी आम्ल. पेरू, आवळा, कोशिंबीर जेवणातच घ्या.

मात्र एकच दात ठणकत असेल तर ती कीड किंवा चीर असू शकते. शिवाय मधुमेह असेल, किंवा नीट ब्रश करूनही दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, तर दंतवैद्याला दाखवा.