वाचकांचे प्रश्न : जुन्या संगणक-खेळांचा सातबारा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून हे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली असून लेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : १९९४ ते २००२ या काळात मी संगणक-वर्ग चालवत असे. घर आवरताना माळ्यावर साडेतीन इंची फ्लॉप्यांचे तीन डबे सापडले. त्यांत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, ‘डेंजरस डेव्ह’, ‘डूम’ असे मुलांचे लाडके खेळ आहेत. माझा मुलगा म्हणतो की हे सारे इंटरनेटवरच्या एखाद्या मोफत संग्रहात चढवून द्यावे. खेळ तीस-पस्तीस वर्षांचे झाले, काढणाऱ्या कित्येक कंपन्या बंद पडल्या, आता कोण विचारणार? त्याचे म्हणणे बरोबर आहे का?
— निवृत्त वर्गचालक, भुसावळ

उत्तर : कोणी विचारो वा न विचारो, आधी वस्तू कोणाची आहे ते पाहावे लागते. शेत वीस वर्षे पडीक राहिले आणि मालक सुरतेला स्थायिक झाला, म्हणून सातबाऱ्यावरचे त्याचे नाव आपोआप पुसले जात नाही. कॉपीराइटचेही तसेच आहे. ‘अबँडनवेअर’, म्हणजे मालकाने वाऱ्यावर सोडलेले सॉफ्टवेअर, हा शब्द खेळांच्या शौकिनांत रूढ असला तरी तो आपल्याही कायद्यात नाही आणि अमेरिकेच्याही नाही. कंपनी बुडाली की तिचे हक्क तिच्या इतर मालमत्तेबरोबर विकले जातात, दुसऱ्या कंपनीत विलीन होतात किंवा मूळ निर्मात्याकडे परत जातात. अडचण अशी की शेताचा उतारा तलाठ्याकडे मिळतो, खेळाचा मात्र कुठेच मिळत नाही, कारण कॉपीराइट मिळण्यासाठी नोंदणीची गरजच नसते. त्यामुळे तीन-चार वेळा हात बदललेल्या खेळाचा आजचा धनी कोण, हे कधीकधी खुद्द धन्यालाही ठाऊक नसते.

आता मुदतीचे पाहू. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक-प्रणालीला ‘साहित्यकृती’ मानलेले आहे, आणि साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या निधनानंतर पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो. अमेरिकेत कंपनीच्या पगारी नोकरांनी केलेल्या कृतीला प्रकाशनापासून ९५ वर्षांचे संरक्षण आहे. म्हणजे १९८५ साली तिथे असा एखादा खेळ निघाला असेल, तर तो २०८० साल संपेपर्यंत मोकळा होणार नाही. आंतरराष्ट्रीय करारांमुळे परदेशी खेळांना इथेही संरक्षण मिळते. सदरलेखकाच्या मते ही मुदत संगणक-खेळाच्या बाबतीत सरळसरळ विसंगत आहे. कादंबरीचे पुस्तक शंभर वर्षांनी कपाटातून काढून वाचता येते. फ्लॉपीवरचा खेळ मोकळा होईल त्या दिवशी ती फ्लॉपी वाचणारे यंत्र तर सोडाच, तिच्यावरचा चुंबकीय थरही शिल्लक नसेल. पण कायदा विसंगत आहे म्हणून तो लागू नाही, असे होत नाही.

आपल्या डब्यांतल्या प्रतींविषयी एक अवघड गोष्ट सांगणे भाग आहे. कायद्याच्या ५२ व्या कलमात संगणक-प्रणालीच्या प्रतीबाबत दोन सवलती आहेत : कायदेशीर धारकाला नाश किंवा नुकसानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत करता येते, आणि स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठी प्रत करता येते. दोन्हींचा पाया ‘कायदेशीर’ या शब्दावर आहे. त्या काळी आपल्याकडच्या वर्गांतून फिरणारे बहुतेक खेळ प्रतीची प्रत, तिचीही प्रत, असेच फिरत होते. मुंबईहून कोणीतरी एक फ्लॉपी आणावी आणि आठवडाभरात ती पाचोऱ्यापासून रावेरपर्यंत पोहोचावी, ही तेव्हाची रीत होती. आपल्याला दोष द्यावा असे त्यात काही नाही, पण या प्रतींना वरच्या सवलतींचा आधार मिळणे कठीण आहे. शिवाय या दोन्ही सवलती प्रत करण्यापुरत्या आहेत. ती प्रत इंटरनेटवर ठेवून जगाला उपलब्ध करून देणे हे वेगळे कृत्य आहे, आणि पैसे घेतले नाहीत एवढ्याने ते कायदेशीर ठरत नाही.

तरीही सगळे डबे एकाच मापाने मोजू नयेत. ‘डूम’ १९९३ च्या डिसेंबरात शेअरवेअर म्हणून निघाला. त्याचा पहिला भाग वाटण्याची मुभा निर्मात्यांनीच दिली होती आणि पुढचे भाग विकत घ्यावे लागत. आपल्या फ्लॉपीवर केवळ तो पहिला भाग असेल, तर तो मूळ स्वरूपात, त्याच्या अटींच्या मजकुरासह, पुढे देण्यात अडचण नाही. याच खेळाचा मूळ कोड, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेल्या आज्ञांचा मजकूर, १९९७ च्या अखेरीस जाहीर झाला, परंतु चित्रे, आवाज आणि नकाशे राखीवच राहिले. म्हणून ‘कोड मोकळा झाला’ आणि ‘खेळ मोकळा झाला’ यांत गल्लत करू नये. काही खेळ मालकांनी स्वतःहून मोफत केलेले आहेत : ‘बिनीथ अ स्टील स्काय’ २००३ साली, आणि ‘कमांड अँड काँकर’ २००७ साली. तेव्हा प्रत्येक फ्लॉपीवरची ‘रीडमी’ फाइल आधी वाचावी. खेळाचा परवाना बहुधा तिथेच लिहिलेला असतो, आणि तेव्हा ती कोणी वाचत नसे.

एक विनंती मात्र आजच करतो. फ्लॉप्या पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर असतील तर आजच खाली आणाव्यात; भुसावळचा मे महिना माणसाला सोसत नाही, तिथे चुंबकीय फितीच्या जातीच्या वस्तूने किती सोसावे! फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी पट्टी सरकवून भोक उघडे करावे, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिले जाणार नाही. चकतीवर बुरशी दिसली तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये, एरवी बुरशी ड्राइव्हच्या डोक्याला लागून पुढच्या फ्लॉप्याही खराब होतात. आणि वर्गाच्या वह्या, वेळापत्रके, फीच्या पावत्या, मुलांसाठी आपण हाताने लिहिलेल्या डॉसच्या (त्या काळच्या संगणकांच्या कार्यप्रणालीच्या) आज्ञांच्या टिपा शिल्लक असतील, तर त्या सर्वांत आधी जपाव्यात. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या प्रती जगात हजारो आहेत, पण भुसावळच्या रेल्वे वसाहतीतली मुले तो खेळ खेळायला कशी रांग लावत, हे आपल्याखेरीज कोण लिहिणार? तो मजकूर सर्वस्वी आपला आहे आणि कोणत्याही संग्रहात निःशंकपणे देता येईल.

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संकेतस्थळावर जुने खेळ ब्राउझरमध्येच खेळतो. यासाठी शिक्षा होऊ शकते, असे शेजारच्यांनी सांगितल्यापासून मला चिंता वाटते.
— गृहिणी, नंदुरबार

उत्तर : ताई, एवढी चिंता करण्याचे कारण नाही. शेजारच्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, एवढेच. कलम ६३ ख नुसार संगणक-प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि दंड होऊ शकतो. मात्र वापर नफ्यासाठी किंवा व्यापारात नसेल, तर कैद न देता केवळ दंड करण्याची मुभा त्याच कलमाने न्यायालयाला दिली आहे. ‘जाणूनबुजून’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. उघडपणे चालणाऱ्या एका नामांकित ग्रंथालयाच्या पानावर खेळणाऱ्या मुलाला तो खेळ मालकाच्या संमतीने तिथे आहे की नाही, हे कळण्याचा मार्ग नसतो.

‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही संस्था ब्रूस्टर काहले यांनी १९९६ साली सॅन फ्रान्सिस्कोत स्थापन केली. २०१५ च्या आरंभी तिने डॉसवरचे सुमारे २,४०० खेळ ब्राउझरमध्ये चालतील अशा रीतीने मांडले. आजच्या संगणकाच्या आत जुन्या संगणकाची नक्कल चालवणारी ‘एम्युलेटर’ नावाची प्रणाली त्यामागे असते. अशी नक्कल करणे हा स्वतंत्रपणे गुन्हा नाही. वाद असतो तो तिच्यात घातलेल्या खेळाच्या प्रतीविषयी. संस्था मालकांची तक्रार आल्यावर खेळ काढून टाकते, म्हणून मुलाला आज दिसणारा खेळ उद्या दिसेलच असे नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन चित्रपटांच्या बेकायदा प्रतींवरून मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशामुळे हे सारे संकेतस्थळच आपल्या देशात काही काळ बंद झाले होते, आणि त्याचा फटका खेळांशी वा चित्रपटांशी काही संबंध नसलेल्या अभ्यासकांनाही बसला. मुलाला खेळू द्यावे. ‘येथून डाउनलोड करा’ म्हणून चार जाहिराती उघडणाऱ्या अनोळखी स्थळांपासून मात्र दूर ठेवावे. तिथे कायद्याआधी व्हायरसची भीती आहे.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयात संगणकविषयक मासिकांबरोबर आलेल्या दोन-अडीचशे सीडी आहेत. त्यांत खेळ व त्यांचे नमुने आहेत. जतनासाठी त्यांच्या प्रती करून वाचनालयाच्या संगणकावर ठेवता येतील का?
— ग्रंथपाल, धुळे जिल्हा

उत्तर : आपला प्रश्न चारही पत्रांत सर्वांत अवघड आहे, आणि त्याचे उत्तर वाचून आपल्याला हसावे की रडावे ते कळणार नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात सार्वजनिक ग्रंथालयांसाठी एक सवलत घातली : बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते, मात्र त्या कृतीची बिगरडिजिटल प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे. पोथी, पुस्तक, हस्तलिखित यांना ही अट सहज लागू पडते. सीडी मात्र जन्मतःच डिजिटल असते. म्हणजे शंभर वर्षे टिकणाऱ्या कागदाला सवलत, आणि वीस-पंचवीस वर्षांत जिचा चकाकता थर उडू लागतो त्या सीडीला शब्दशः काहीच नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पुस्तकांचे स्कॅनिंग होते, हे त्यातून स्पष्ट दिसते.

याचा अर्थ आपण हात बांधून बसावे असा नाही. मासिकाबरोबर विकत आलेल्या सीडीचे आपण कायदेशीर धारक आहात. तिच्या नाशापासून बचाव म्हणून एक राखीव प्रत करून ती कपाटात ठेवणे वर सांगितलेल्या सवलतीत बसते, असे आम्हाला वाटते. ती वाचकांच्या संगणकांवर मांडणे किंवा वाचनालयाच्या संकेतस्थळावर देणे बसत नाही. सीडीला कुलूप, म्हणजे प्रत रोखणारी तांत्रिक व्यवस्था असेल, तर कलम ६५ क लक्षात घ्यावे : हक्कभंगाच्या हेतूने ती तोडणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. हेतू जतनाचा होता हे दाखवता यावे, म्हणून कोणती प्रत, कोणत्या तारखेला, कशासाठी केली याची नोंदवही ठेवावी.

हा गुंता आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेत ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ साली केलेल्या पाहणीत २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात विकत मिळत नाहीत, असे आढळले. त्याच्या आधारे ग्रंथालयांनी, अभ्यासकांना असे खेळ घरबसल्या पाहू देण्याची परवानगी मागितली. खेळ-उद्योगाने विरोध केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. अभ्यासकाने खेळासाठी त्या इमारतीतच जाऊन बसावे, अशी आजची स्थिती आहे. फ्रान्सने मात्र १९९२ च्या कायद्याने राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करण्याच्या साहित्यात संगणकीय साहित्याचाही समावेश केला. आपला १९५४ चा पुस्तक-वितरण कायदा पुस्तके आणि नियतकालिके यांच्यापुढे गेलेला नाही.

आपण धुळ्याच्या परिसरातले आहात, म्हणून एक आठवण काढतो. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगावच्या वाड्यांतून जुनी दप्तरे मिळवली, तेव्हा मालकांची मनधरणी हीच त्यांची मुख्य अडचण होती. सीडीवरच्या कंपन्यांनाही पत्र लिहून परवानगी मागता येते. त्यांतले काही मालक अजूनही उत्तरे देतात. पत्राची प्रत फाइलला लावून ठेवावी.

प्रश्न : १९९९ साली मी एका संगणक-संस्थेत शिकवत असताना अहिराणी म्हणी ओळखण्याचा एक खेळ तयार केला होता. तो आता सर्वांना मोफत द्यावा अशी इच्छा आहे. माझा खेळ आहे, तेव्हा कोणाला विचारण्याची गरज नसावी?
— शिक्षक, अमळनेर

उत्तर : गरज आहे की नाही हे ‘शिकवत असताना’ या दोन शब्दांवर ठरेल. नोकरीचा भाग म्हणून, संस्थेने सांगितले म्हणून तो खेळ केला असेल, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला मालक संस्था ठरते. रात्री घरी बसून, आपल्या हौसेने केला असेल आणि शिकवणे एवढेच आपले काम असेल, तर तो आपला. शंका असल्यास संस्थेच्या चालकांकडून दोन ओळींचे ना-हरकत पत्र घ्यावे. अमळनेरसारख्या गावात त्याला चहाच्या एका कपापेक्षा जास्त खर्च येऊ नये.

मालकी आपली ठरली की दोन मार्ग आहेत. कलम २१ नुसार कॉपीराइट निबंधकांना सूचना देऊन किंवा जाहीर सूचना देऊन हक्क पूर्णपणे सोडता येतो. आमचा सल्ला दुसऱ्या मार्गाचा आहे : हक्क स्वतःकडे ठेवावा आणि खेळासोबत एखादा मुक्त परवाना जोडावा, म्हणजे कोणीही तो वापरील, सुधारील, पण आपले नाव काढून टाकू शकणार नाही. मूळ कोडही शोधावा. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा मूळ कोड हरवला असे त्याचे निर्माते जॉर्डन मेकनर यांना वर्षानुवर्षे वाटत होते, २०१२ साली वडिलांना घरातल्या एका खोक्यात त्याच्या फ्लॉप्या सापडल्या, आणि मग तो त्यांनी सर्वांसाठी खुला केला.

चढवण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. म्हणी कोणाच्या मालकीच्या नाहीत, परंतु त्या एखाद्या छापील संग्रहातून क्रमासह आणि अर्थांसह जशाच्या तशा घेतल्या असतील, तर त्या संग्राहकाचा हक्क मध्ये येतो. आणि त्या काळचा देवनागरी फाँट बहुधा कोण्या कंपनीचा असतो. तो खेळाच्या फोल्डरमधून काढून त्याजागी युनिकोडचा मुक्त फाँट बसवावा. बरोबर उत्तरानंतर हिंदी चित्रपटगीताची धून वाजत असेल, तर तीही काढावी लागेल.