इयागो कुठलं खरं बोलतो?

प्रश्न : शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चं नाट्यवाचन बसवतोय. अब्रूबद्दल इयागो, म्हणजे सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालचा कपटी अधिकारी, दोन ठिकाणी अगदी उलट बोलतो. नटाने नेमकं काय धरायचं?

उत्तर : दोन्ही वेळा समोरचा माणूस धरायचा. दुसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात ऑथेल्लोचा उपसेनापती कॅसिओ दारूच्या नशेत माँटानो या सायप्रसच्या अधिकाऱ्याला जखमी करतो, पद गमावतो आणि ‘माझी अब्रू गेली’ म्हणून अक्षरशः कोसळतो. इयागो म्हणतो, अब्रू ही पोकळ गोष्ट, लायकी नसताना मिळते, दोष नसताना जाते. लगेच पुढे सल्ला : ऑथेल्लोची बायको डेस्डेमोना हिच्याकडे रदबदली कर. कॅसिओ तिच्याकडे जाणं हाच तर ऑथेल्लोच्या मनात या दोघांच्या संबंधांबद्दल पेरायच्या संशयाचा पुरावा ठरणार असतो!

तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात तोच ऑथेल्लोला सांगतो, पैसा चोरीला गेला तर कचरा गेला; नाव गेलं की माणूस कंगाल.

वाचनात हमखास चूक होते ती पहिल्या ठिकाणी छद्मी हसण्याची. तिथे मित्राची कळकळच ऐकू यायला हवी, नाहीतर कॅसिओ मूर्ख वाटतो. दुसऱ्या भाषणाआधी मात्र चांगला थांबा घ्या. जागा कापायचीच झाली तर दुसरीकडे कापा. ही दोन भाषणं पूर्ण ठेवा.